राहूच्या नावावर सुटलेली सिगारेट

हे मी मराठीत लिहिते आहे, कारण अप्पांना मराठी वाचता येत नाही. बोलता येते, भांडता तर फारच छान येते. कुंभकोणमच्या आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तीच भाषा. पण उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं की तमिळ, आणि कागदावर काही उतरवायचं म्हटलं तरी तमिळच. देवनागरी मी मोठेपणी पुस्तकं मागवून हट्टाने शिकले, म्हणून माझी लिहायची मराठी एक आणि घरची मराठी दुसरी. महाराष्ट्रातले लोक आमचं बोलणं ऐकून म्हणतात, तुम्ही बखरीतल्यासारखं बोलता. बोलतो बाई. फक्त बखरीत सिगारेटी नव्हत्या, आणि माझ्या या आठवणीत त्या बऱ्याच आहेत.

मी तेव्हा वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. धाकटा भाऊ त्याच कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. अप्पांचं पितळेच्या भांड्यांचं दुकान, आणि त्याच्या मागे गोदाम. एकदा कपडे भिजवताना भावाच्या शर्टाच्या खिशात सिगारेटचं पाकीट सापडलं. मी ताई माणूस, मोठ्या रागाने ते काढून घेतलं. कावेरीत फेकणार होते. पण त्या आठवड्यात परीक्षा होती, नदीपर्यंत जायला वेळ झाला नाही, आणि पाकीट माझ्या पुस्तकांमागे राहिलं. चौथ्या दिवशी, दुपारी दुकान बंद असताना, गोदामात दोन मोठ्या हंड्यांच्या मध्ये बसून मी त्यातली एक ओढून पाहिली. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच बसले. भावाला सुधारायला निघालेली मी दोन महिन्यांत दिवसाला चारपर्यंत पोचले.

भावाला कळलं तेव्हा तो आधी पोट धरून हसला आणि मग माझा पुरवठादार झाला. त्याला इलाज नव्हता. कॉलेजच्या फाटकासमोर चहाची टपरी होती, तिथे मुलं घोळक्याने उभी राहून ओढायची, एकाची दुसऱ्याने पेटवायची, प्राध्यापक दिसले की पाठीमागे धरायची. मुलींनी तिथून नाकाला ओढणी लावून जायचं, अशी पद्धतच होती. मीही ओढणी लावत असे आणि तिच्याआडून खोल श्वास घेत असे. आमच्या गावात मुलीने सिगारेट विकत घेणं अशक्य. दुकानदार ती द्यायच्या आधी बापाला फोन करेल.

घरी भावाबद्दल सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पा दोन-चार दिवसांआड ओरडायचे आणि शेवटी स्वतःच म्हणायचे, "वयच तसें आहे. लग्न झालें कीं सुटेल." माझ्याबद्दल कुणाला शंकाही आली नाही. माझ्या कपड्यांना वास आला तर आई म्हणायची, बिचारी त्या टपरीवरून येते ना, मुलांचा धूर लागतो. म्हणजे त्याचा धूर त्याचा, आणि माझा धूरही त्याचाच.

आईबद्दल इथे एक सांगून ठेवते. आमचं घर विठ्ठलाचं, एकादशी कडक. त्या दिवशी आई पाणी आणि थोडं दूध यापलीकडे काही तोंडात घालत नसे. जेवणानंतरचा विडाही नाही. एरवी तिचा पानाचा डबा तिच्या हाताशी असे. कुंभकोणमची कोवळी पानं, चुना, सुपारी, लवंग. एकादशीला तो देवघरात वर ठेवून द्यायची. आणि त्या दिवशी तिच्याशी बोलायची सोय नसे. डोकं धरून बसायची, भांडी आपटायची, मला उगाच रडवायची. "तिला उपास सोसत नाहीं," अप्पा म्हणायचे आणि दिवसभर दुकानात बसायचे. लहानपणापासून मला एकादशीची भीती वाटत आली ती अशी.

तर त्या वर्षी कॉलेजात तंबाखूविरोधी कार्यक्रम झाला. सभागृहात मुलं बसली होती, कारण शपथ मुलांनी घ्यायची होती. मुलींकडे काय? फाटकापाशी कोलम, म्हणजे रांगोळी, काढायचं काम. माझा हात चांगला म्हणून मधली मोडकी सिगारेट माझ्या वाट्याला आली. तांदळाच्या पिठाने मी ती अशी काढली, फिल्टरची रेघ, राखेचा वाकलेला तुकडा, वर जाणारा धूर, की आमचे सर दोन पावलं मागे सरून म्हणाले, "हुबेहूब! निरीक्षण असावं तर असं." माझं लक्ष त्या चित्रातल्या धुराकडेच होतं. सकाळपासून एकही मिळाली नव्हती.

आत व्यासपीठावर माझ्या भावाने माइकवरून शपथ घेतली. मित्रांनी पैज लावली होती, आणि एका मुलीने म्हणे त्याला सांगितलं होतं की वास येतो. कारण काहीही असो, तो घरी येऊन म्हणाला, "सोडली."

पुढे जे झालं त्याचा राग अजून माझ्या मनात थोडा शिल्लक आहे. आईने रव्याचे लाडू केले आणि शेजारी सहा घरांत वाटले. अप्पांनी त्याला महिनाभर दुकानातून मोकळं केलं. हवी तेव्हा कॉफी, खिशात वेलदोडे, कॉलेजच्या डॉक्टरांनी दिलेलं निकोटिनचं च्युइंगम. संध्याकाळी मित्र गाडीवर फिरवून आणायचे. तो दार आपटायचा तर आई कुजबुजायची, "सोडतो आहे बापडा, बोलूं नका त्यास." त्याच घरात त्याच दिवसापासून माझाही पुरवठा बंद झाला होता. शपथ घेतलेला माणूस टपरीवर जाऊन बहिणीसाठी सिगारेट कशी आणणार? मीही ठरवलं, हीच वेळ, सोडून टाकू. इडलीचं पीठ वाटायचं, प्रॅक्टिकलची वही पुरी करायची, पाहुण्यांना हसून पाणी द्यायचं आणि सोडायची. तिसऱ्या दिवशी माझ्या हातून एक झाकण भिंतीवर फेकलं गेलं. आई आली, झाकणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "भावाचें चांगलें झालेलें बघवत नाहीं कां गे तुला?"

मी न्हाणीघरात जाऊन ढसाढसा रडले. त्याच दुपारी भावाच्या जुन्या पँटच्या खिशात एक वाकडी सिगारेट सापडली आणि मी ती ओढली. नंतर आणखी एकदा सोडली, पाच दिवस टिकले, पुन्हा हरले. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. ही आता माझ्या मर्जीवर राहिलेली नाही, हे कळलं. आणि हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. कधी धरलीच नव्हती अशी गोष्ट सोडायला मदत कशी मागणार?

एका संध्याकाळी धीर करून मी मोठ्या तळ्याजवळच्या एका औषधांच्या दुकानात गेले. काय नावाने मागायचं ते आठवेना, म्हणून काउंटरवर उभी राहूनच भावाला फोन लावला. इथे मी जी चूक केली ती आमच्याच लोकांना करता येते. आम्ही जन्मभर समजत आलो की घराबाहेर आमची भाषा म्हणजे बंद खोली. बसमध्ये, कापडाच्या दुकानात, दवाखान्यात समोरच्या माणसाच्या तोंडावर आम्ही खुशाल त्याच्याचबद्दल मराठीत बोलतो. मीही मोठ्या आवाजात सुरू झाले.

"अरे, तें चघळायचें काय म्हणून मागूं? हो, सिगारेटीचें. तुझ्यासाठीं म्हणून कशी मागूं, तुला डॉक्टर देतो ना! माझ्यासाठींच. नाहीं रे, येथें कोणास समजतें! दीड वर्ष ओढतें आहे म्हणून काय ह्यांस सांगूं?"

काउंटरमागे पांढरा कोट घातलेल्या बाई कात्रीने गोळ्यांची पट्टी कापत होत्या. पंचेचाळिशीच्या, केसांत मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा, कपाळाला विभूतीची बारीक रेघ, संपूर्ण तमिळ. त्यांनी मान वर केली नाही. पट्टी कापून झाली, तेव्हा म्हणाल्या, "दोन मिलिग्रामचें घे गे. आणि हळूं बोल. आंत मालक बसला आहे, त्याची आजी तंजावरची, त्यास समजतें."

माझ्या हातातला फोन खाली पडला. पाचावर धारण बसणे म्हणजे काय ते मला त्या क्षणी समजलं. या बाई उद्या भजनाला येतील, परवा आईला भेटतील, तेरवा माझं कॉलेज बंद. त्यांनी फोन उचलून माझ्या हातात दिला आणि काउंटरच्या कडेला बोलावलं. आमच्यातल्याच होत्या, तमिळ घरात लग्न झालेलं, त्यामुळे आमच्या भजनांत, हळदीकुंकवांत त्या कधी दिसल्या नव्हत्या. बऱ्याच दिवसांनी मराठी बोलायला मिळालं म्हणून की काय, त्यांना माझ्या गुन्ह्यापेक्षा माझ्या बोलण्याचंच कौतुक वाटलेलं दिसलं.

"मी औषधांचें शिकतांना मदुरैला दोन वर्षें ओढली," त्या सहज म्हणाल्या, जणू तिथे भाड्याने राहत होते असं सांगावं. "सोडतांना मला कोणी नव्हतें. रविवारीं तिरुनागेश्वरमला ये, तेथें माझें घर आहे. साडेचारनंतर ये. आणि हें बघ, पाळीच्या चार दिवस आधीं सोडायला बसूं नको, तेव्हां जीव फार मागतो. पाळी होऊं दे, मग धर."

हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. कॉलेजच्या भाषणात तर शक्यच नव्हतं, तिथे श्रोते सगळे मुलगे.

घरी येऊन मी एवढंच म्हटलं की मी रविवारी साडेचारला तिरुनागेश्वरमला जाणार आहे. देवाशपथ, एक शब्द खोटा नव्हता. आईच्या हातातला पळा तसाच थांबला. तिचे डोळे भरून आले.

ज्यांना आमच्याकडचं ठाऊक नाही त्यांना सांगते. तिरुनागेश्वरम हे शेजारचं गाव, तिथे राहूचं स्थान आहे. रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ. तेव्हा मूर्तीवर दुधाचा अभिषेक होतो आणि दूध अंगावरून उतरताना निळसर दिसतं. ज्या मुलींची लग्नं अडली आहेत त्यांना तिथे धाडतात. आई दोन वर्षं माझ्या मागे लागली होती आणि मी दोन वर्षं तिची चेष्टा करत होते. आता मी आपणहून, वेळेसकट सांगून निघाले होते.

"किती आठवडे जाशील?" तिने विचारलं.

"अकरा," तोंडात आला तो आकडा मी सांगितला.

रविवारी शहरबस दुधाच्या पिशव्या आणि काळजीत पडलेल्या आया यांनी भरलेली असे. मी उतरून आधी देवळात जात असे. राहूशी खोटं बोलायची माझी छाती नव्हती. हात जोडून म्हणायचे, नवरा तूर्तास नको, ही सोडव. मग अंगारा-कुंकवाची पुडी घेऊन बाईंच्या घरी. घराला रस्त्याकडे ओटा होता. तिथे आणखी एक मुलगी यायची, तिरुभुवनमची, घरी रेशमी साड्यांचा माग, स्वतः इंजिनीअरिंगला. हॉस्टेलात असताना तिला लागली होती. तिनेही घरी राहूचंच सांगितलं होतं. आम्ही दोघी नवऱ्यांसाठी व्रत करणाऱ्या मुली ओट्यावर बसून च्युइंगम चघळायचो. बाई सांगायच्या, भराभर चावू नका, दोनदा चावा आणि गालात धरून ठेवा. ताक द्यायच्या. आणि समोर मल्लीच्या कळ्यांची टोपली ठेवायच्या.

केळीच्या दोऱ्याने कळ्या बांधताना दोर तर्जनी आणि मधल्या बोटात ताणून धरावा लागतो. सिगारेट धरायची तीच दोन बोटं. बाईंनी ते मुद्दाम शोधलं होतं की त्यांच्या हाताला असंच सुचलं होतं कोण जाणे. पण तासभर ती बोटं अडकलेली राहायची आणि तेवढा तास जायचा. पुढे मी घरीही कळ्या आणून बांधायला लागले. हुक्की आली की गजरा. आमच्या देवघरातल्या विठ्ठलाने त्या दिवसांत जेवढे गजरे घातले तेवढे त्याच्या आयुष्यात घातले नसतील. आई बघून हरखायची. लग्नाचा विचार आला म्हणून मुलगी किती सुधारली, म्हणायची.

ओट्यावर आम्ही तिघी मुलांबद्दल पुष्कळ बोलायचो, पण लोकांना वाटेल तसं नाही. "पोरें चौघांत ओढतात, म्हणून चौघांत सोडतात," बाई म्हणायच्या. "टाळ्या मिळतात. आणि पुन्हा त्याच चौघांत जाऊन उभीं राहतात. आपण लपून ओढायची, लपून सोडायची. टाळ्या नाहींत, पण ओढायला बोलावणारेंही कोणी नाहीं. तेवढाच आपला फायदा." तिरुभुवनमची मुलगी म्हणायची, मला मुलांसारखी टाळ्या घेऊन सोडायला आवडली असती. मलाही आवडली असती, खोटं कशाला बोलू.

पहिले तीन रविवार माझे धड गेले नाहीत. मधल्या दिवसांत दोनदा मोडलं. दोन्ही वेळा मी रडत जाऊन सांगितलं आणि बाईंनी दोन्ही वेळा फक्त विचारलं, कोठें बसली होतीस? गोदामात. मग दुपारीं गोदामांत जाऊं नको. एवढाच त्यांचा उपदेश. चौथ्या रविवारपासून मात्र दिवस सलग लागायला लागले.

आणि सातव्या रविवारनंतर भाऊ गोदामात सापडला. मी अप्पांच्या सांगण्यावरून एक कळशी आणायला गेले होते. तो माझ्याच जागेवर, माझ्याच दोन हंड्यांच्या मध्ये बसून ओढत होता.

"अक्का, रागावूं नको," तो म्हणाला. "तेथें टपरीवर सगळे उभे. मी नुसता चहा कसा पिऊं? गाढवासारखें वाटतें. घरीं सांगूं नको, लाडू वाटले आहेत." आणि मग, त्याच्या परीने मोठं मन करून, त्याने पाकीट माझ्यापुढे धरलं. "घे ना. तुझी तर सुटतच नव्हती."

त्या बंद गोदामात तो वास असा आला की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. तीन आठवडे मी एकही ओढली नव्हती, आणि त्या तीन आठवड्यांचं घरात कुणालाही काही माहीत नव्हतं. एक घेतली असती तर कुणाचाही लाडू वाया जाणार नव्हता. मी हात पुढे केलासुद्धा. बोटांना अजून सकाळच्या मल्लीचा वास येत होता.

"नको," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं, हंडे घुमले. कळशी उचलून बाहेर आले आणि चिंच लावून ती अशी घासली की अप्पा म्हणाले, पुरे गे, झिजेल. मला फार, फार बरं वाटत होतं.

पण आमच्या घरात बरं वाटणं टिकत नाही. आठव्या रविवारी अप्पांनी तंजावरहून एका मुलाची पत्रिका आणली आणि देवाजवळ ठेवली. दहाव्या रविवारी आई म्हणाली, "पुढच्या खेपेस मी येतें. समाप्तीला आईनें यावें."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, येऊं दे, देऊळ काय माझें आहे? तूं त्या दिवशीं देवळांतूनच घरीं परत जा. म्हणून अकराव्या रविवारी आम्ही मायलेकी देवळात गेलो, दुधाचा अभिषेक पाहिला, आईने डोळे मिटून बराच वेळ काही मागितलं. बाहेर आल्यावर मी बसथांब्याकडे वळले. आई जागची हलली नाही.

"आतां तूं दर खेपेस जातेस तेथें चल," ती म्हणाली. "पूजा सहाला संपते. तूं आठाला येतेस. मला काय दिसत नाहीं?"

तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती अकरा आठवडे हे पोटात ठेवून बसली होती, हे मला तेव्हा कळलं. मी तिला बाईंच्या घराकडे घेऊन गेले. ओट्यावर बाई आणि तिरुभुवनमची मुलगी टोपली घेऊन बसल्या होत्या. आईने ओट्यावर पाहिलं, दारातून आत पाहिलं, शेजारच्या घरापर्यंत पाहिलं आणि थेट मराठीत विचारलं, "मुलगा कोठें आहे?"

"कोणता मुलगा?" बाईंनीही मराठीतच विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगून टाकलं. "मुलगा नाहीं आई. सिगारेट. दीड वर्ष ओढत होतें. ह्या बाईंनीं सोडवली. आज सात आठवडे झाले, एकही नाहीं."

आई पायरीवर बसली. "म्हणजे मुलगा नाहीं?"

"नाहीं."

"कोठल्या भलत्या जातीचा, बायकोपोरांचा, कोणी नाहीं?"

"कोणी नाहीं गे आई."

"पांडुरंगा," आई म्हणाली आणि तिने इतका लांब श्वास सोडला की टोपलीतल्या वरच्या कळ्या हलल्या. पितळेच्या भांड्यांच्या घरातली असून जीव भांड्यात पडणं मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. मग तिला मी काय बोलले ते समजलं आणि तिने माझ्या दंडावर दोन सणसणीत चापट्या मारल्या. "सिगारेट! मुलीनें!" तिसरी मारायला हात उचलला, पण बाईंनी त्या हातात केळीचा दोर दिला. आईच्या पिढीच्या बाईला हातात दोर आणि समोर कळ्या असल्या की त्या बांधाव्याच लागतात. ती बांधायला लागली. बराच वेळ नुसती बांधत राहिली.

मग मान वर न करता तिने बाईंना विचारलं, "हें जें चघळायचें तुम्ही देतां, तें पानांतल्या पुगैयिलैला चालतें कां?"

पुगैयिलै म्हणजे तंबाखू. मला आधी वाटलं ती अप्पांच्या कुणा मित्रासाठी विचारते आहे. मग एकदम तो पानाचा डबा डोळ्यांपुढे आला. पान, चुना, सुपारी, लवंग यांच्या खालचा कप्पा, ज्यात कापूर आहे, हात लावू नको, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. आणि एकादशी. डोकं धरून बसलेली आई, आपटलेली भांडी, तिचं ते ओरडणं. आणि माझं ते भिंतीवर फेकलेलं झाकण. दर पंधरा दिवसांनी एक दिवस माझी आई, नेमकं मला तिसऱ्या दिवशी झालं होतं तशी, आतून सोलून निघत होती, आणि घरात आम्ही सगळे म्हणत होतो, तिला उपास सोसत नाही.

"तूं झालीस तेव्हां दाढ दुखत होती," आई माझ्याकडे न बघता सांगत होती. "तुझ्या आत्यानें चिमूटभर दिली. मग राहिली. सुटावी असें फार वाटायचें. पण विचारूं कोणास? अप्पांस काय सांगूं?"

मला खूप रडू आलं, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मी तिच्याजवळ सरकून बसले. तिने मला ढकललं नाही.

बाई मात्र कामाला लागल्या होत्या. त्यांनी फोनचा दिवा लावून आईचं तोंड उघडून पाहिलं आणि गालाच्या आत एक पांढुरका डाग दिसला म्हणाल्या. त्या आठवड्यात मी आईला डॉक्टरकडे नेलं. अप्पांना सांगितलं दाढ. तपासणीचा निकाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. त्या दिवसांत एक सिगारेट ओढली असती तर कुणी मला दोष दिला नसता, पण ओढली नाही. डॉक्टर म्हणाले, वाईट काही नाही, मात्र तंबाखू आजच बंद. आई दवाखान्याच्या पायऱ्यांवर मोठ्याने हसली. मग माझा हात धरून रस्ता ओलांडला, लहानपणी मी तिचा धरायचे तसा.

आमचं व्रत पुढे वाढलं. आई आणि मी दर रविवारी साडेचारच्या बसने तिरुनागेश्वरमला जायला लागलो. अप्पा भेटेल त्याला सांगायचे की मुलीच्या लग्नासाठी आई किती झटते. पत्रिका जुळली नाही. मला तिचं काही वाटलं नाही, आणि गंमत म्हणजे आईलाही वाटलं नाही. "आधीं शिक तूं," ती म्हणाली. ती आणि मी ओट्यावर शेजारी बसून गालात च्युइंगम धरून कळ्या बांधायचो. तिचं मोडलं तर तिलाही बाई तेवढंच विचारायच्या, कोठें बसली होतीस?

पाचेक महिन्यांनी एका दुपारी अप्पांचे एक जुने व्यापारी मित्र घरी आले होते. भाऊ कॉलेजातून आला, आल्या आल्या वेलदोडा तोंडात टाकला आणि आत गेला. त्याच्यामागून टपरीचा वास तसाच बैठकीत रेंगाळला. अप्पांनी अभिमानाने मित्राला सांगितलं, "आमच्या घरांत ओढणारा एकच होता. त्यानेंही सोडली. मनाचा पक्का मुलगा."

आई दारात दुधाचा पेला घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून गजरा बांधत होते. आणि आई हसायला लागली. आधी पदराआड, मग पदर सोडून, पेला हिंदकळेपर्यंत. मीही हसले. दोघींना थांबताच येईना.

अप्पा गोंधळून तिच्याकडे पाहत राहिले. "आज एकादशी ना?" त्यांनी मला विचारलं. मग आपणच उठून भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान पाहिलं. एकादशीच होती.